परक्या पैशातले औदार्य

ज्याच्या हाती समाजाचा पैसा विश्वासाने सोपविलेला असतो, त्याला त्या पैशाने दयाळू होण्याचा अधिकार आहे काय? प्रश्न वरवर पाहता विचित्र वाटेल. दया करताना कोणी अधिकार विचारत नाही. मलाही हा प्रश्न नऊ वर्षे पडला नव्हता.

आमच्या तालुक्याच्या गावी एक छोटी संस्था आहे. मशिदीला लागून असलेल्या दोन खोल्यांत तिचे काम चालते. कारागीर, हातगाडीवाले, घरी शिवणकाम करणाऱ्या भगिनी यांना धंद्यासाठी कर्जे हसना, म्हणजे बिनव्याजी कर्ज देणे, आणि जुन्या बाजारपेठेतील ओस पडत चाललेल्या गल्ल्यांतून पुन्हा उद्योग उभा राहावा यासाठी खटपट करणे, एवढाच तिचा व्याप. तिचे अध्यक्षपद माझ्याकडे आले ते माझ्या योग्यतेमुळे नव्हे. त्या दिवशी बैठकीला उशिरा आलेल्या माणसाच्या गळ्यात ते पडले आणि तो माणूस मी होतो.

गेल्या रमजानमधील गोष्ट. लोखंडी दारे-खिडक्या बनविणारा एक तरुण असरच्या नमाजनंतर कार्यालयात आला. वेल्डिंग मशीन घेण्यासाठी त्याने आमच्याकडून ४०,००० रुपये घेतले होते. १,६०० रुपयांचे पंचवीस हप्ते ठरले होते. सात हप्ते त्याने वेळेवर भरले आणि मग तो दिसेनासा झाला. एका ठेकेदाराने काम करून घेऊन पैसे बुडविले, त्यातच घरात आजारपण आले. २८,८०० रुपये बाकी होते. ते माफ करावेत, एवढे म्हणून तो खाली मान घालून बसला. आम्ही पाच जण होतो. मी इतरांकडे पाहिले आणि म्हणालो, "रमजानचा महिना आहे, माफ करून टाकू." कोणी हरकत घेतली नाही. तरुणाच्या डोळ्यांत पाणी आले, सभासदांनी माझ्या मोठ्या मनाची वाखाणणी केली आणि त्या रात्री मी अतिशय समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर आमच्या समितीतील सर्वांत वयस्क सभासद, निवृत्त शिक्षक, मशिदीच्या पायऱ्यांवर मला थांबवून म्हणाले, "काल माफी कोणी दिली?"

"संस्थेने दिली, गुरुजी."

"संस्थेने म्हणजे कोणी? पैसे कोणाचे होते?"

मी गप्प राहिलो. मग त्यांनी मला त्या भाजीवाल्या बाईची आठवण करून दिली. एस.टी. स्थानकाबाहेर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसणारी ही विधवा संस्थेने दिलेल्या पत्र्याच्या डब्यात रोज दहा रुपये टाकते. डबा रिकामा करायला जाणाऱ्या आमच्या मुलाला ती दर वेळी एकच गोष्ट बजावते, की हा पैसा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात राहिला पाहिजे. आपण गेल्यावरही तो चालता राहावा. गुरुजी म्हणाले, "तिने तो फिरता राहावा म्हणून दिला होता. तुम्ही काल तो थांबवलात, आणि वर तिच्या वाट्याची दुवाही तुम्हीच घेतलीत."

खरे सांगायचे तर मला त्यांचा राग आला. उपाशीपोटी कोणाला असे बोलावे का, असेही वाटले. पण दिवसभर ते वाक्य मनातून जाईना.

कर्जदाराविषयी कुरआनची शिकवण आपल्या घराघरांत माहीत आहे. सूरह अल्-बकराच्या २८० व्या आयतीचा आशय असा, की ऋणको अडचणीत असेल तर त्याची स्थिती सुधारेपर्यंत त्याला सवड द्यावी, आणि सदका म्हणून सोडून दिले तर ते अधिक चांगले. आतापर्यंत ही आयत मी एका दमात वाचत आलो होतो. गुरुजींच्या प्रश्नानंतर तिच्यातील दोन गोष्टी मला वेगळ्या दिसू लागल्या. सवड देणे हा आदेश आहे. अडलेल्या माणसाचा तो हक्कच आहे. मात्र सोडून देण्याला तेथे सदका म्हटले आहे, आणि सदका माणूस स्वतःच्या मालकीतून करतो. शेजाऱ्याच्या कोठीतील धान्य उचलून भिकाऱ्याला दिल्याने कोणी दानी ठरत नाही. म्हणजे विश्वस्ताला सवड नाकारण्याचा अधिकार नाही आणि माफी देण्याचाही नाही. मी मात्र पहिले कर्तव्य विसरलो होतो. सात हप्त्यांनंतर तो दिसेनासा झाला तेव्हा त्याच्या दाराशी जाऊन हप्ता कमी करून देण्याचे, मुदत वाढवून देण्याचे माझे काम होते. ते मी केले नाही. आणि जे माझ्या हातात नव्हते ते एका संध्याकाळी उदारपणे देऊन टाकले.

याच ठिकाणी आयतींचा क्रमही पाहण्यासारखा आहे. २८० वी आयत सवलतीची. २८२ वी कर्जव्यवहार लिहून ठेवण्याची, साक्षीदार घेण्याची, लहान-मोठी रक्कम म्हणून लिहिण्याचा कंटाळा न करण्याची. संपूर्ण कुरआनातील ही सर्वांत दीर्घ आयत आहे. आणि या दोहोंच्या मध्ये २८१ वी उभी आहे, ज्या दिवशी सर्वांना अल्लाहकडे परतायचे आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कमाईचा पुरेपूर मोबदला मिळायचा आहे, त्या दिवसाची आठवण देणारी. एका हाताला दया, दुसऱ्या हाताला खतावणी आणि मध्ये आखिरत. आमच्या संस्थांतून मात्र दयाळू माणसे खतावणीला कोरडी समजतात आणि खतावणी सांभाळणारे दयेला गैरशिस्त समजतात. दोघांमध्ये वाद झाला की बहुधा आवाज मोठा असणारा जिंकतो.

उद्योगासाठी मदत करण्याचा नमुना म्हणून प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातील जो प्रसंग नेहमी सांगितला जातो, तोही या दृष्टीने मी पुन्हा वाचला. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात हजरत अनस (रजि.) यांच्याकडून तो आला आहे. एक अन्सारी गृहस्थ मदत मागण्यास आले. घरात काय आहे, असे प्रेषितांनी (स.) विचारले. अर्धे पांघरायचे आणि अर्धे अंथरायचे असे एक जाडेभरडे वस्त्र आणि पाणी पिण्याचे एक भांडे, एवढेच होते. प्रेषितांनी (स.) ते मागवून घेतले आणि लोकांसमोर त्यांचा लिलाव केला. एकाने एक दिरहम देऊ केला. अधिक कोण देतो, असे पुन्हा विचारल्यावर दुसऱ्याने दोन दिरहमना ते घेतले. एका दिरहमचे धान्य घरी द्यावे आणि दुसऱ्याची कुऱ्हाड विकत आणावी, असे त्या गृहस्थांना सांगण्यात आले. कुऱ्हाडीला दांडा प्रेषितांनी (स.) स्वतःच्या हाताने बसविला, आणि पंधरा दिवस इकडे फिरकू नका, लाकडे तोडा व विका, असे बजावले. पंधरा दिवसांनी ते आले तेव्हा त्यांच्याजवळ दहा दिरहम झाले होते.

या प्रसंगावरील व्याख्यानांचा भर बहुधा श्रमाच्या प्रतिष्ठेवर असतो आणि ते रास्तच आहे. पण संस्था चालविणाऱ्याने बारकावे पाहावेत. भांडवल त्या माणसाच्या स्वतःच्या वस्तूंतून उभे राहिले. तो कोणाच्या उपकाराखाली आला नाही. पहिला दिरहम पोटासाठी होता. आम्ही धंद्यासाठी पैसे देतो आणि घरात चूल पेटलेली नसेल तर तो पैसा किराण्यात जातो, मग आम्ही त्या माणसाला बेजबाबदार म्हणतो. आणि दांडा. धातूचे पाते विकत मिळाले होते. ते चालण्याजोगे करून देण्याचे काम समाजाच्या प्रमुखाने स्वतः केले. आमच्या तरुणाला आम्ही वेल्डिंग मशीन दिले होते. ठेकेदाराशी करार कागदावर कसा करावा, काम सुरू करण्यापूर्वी किती आगाऊ रक्कम घ्यावी, हे त्याला कोणी शिकविले नव्हते. पाते देऊन आम्ही मोकळे झालो होतो.

कुऱ्हाड असली तरी लाकडे विकण्यासाठी बाजार लागतो. मदीनेत आल्यावर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना त्यांच्या अन्सारी बंधूने आपली अर्धी संपत्ती देऊ केली, तेव्हा त्यांनी दुवा देऊन फक्त बाजाराचा रस्ता विचारला, आणि पनीर व तुपाच्या व्यापारापासून सुरुवात केली. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. प्रेषितांनी (स.) मुस्लिमांसाठी बाजाराची स्वतंत्र जागा ठरवून दिली आणि तेथे कर आकारला जाऊ नये असे सांगितले, हे त्यामानाने कमी सांगितले जाते. वस्तीला ऊर्जितावस्था आणणे म्हणजे चार माणसांना कर्ज देणे एवढेच नव्हे. माल ठेवायला ओटा हवा, ओट्यासमोरचे गटार झाकलेले हवे, रात्री दिवा हवा. यासाठी नगरपालिकेत अर्ज घेऊन खेपा घालणे हे कामही तितकेच धर्मकार्य आहे, फक्त त्याचे फोटो कोणी काढत नाही. आणखी एक कडू गोष्ट. आपल्या कितीतरी गावांत वक्फचे गाळे जुन्या, नाममात्र भाड्यात सुखवस्तू लोकांकडे अडकून पडले आहेत, आणि त्यांच्याच समोर ज्याला चार फूट जागा मिळत नाही तो हातगाडीवाला उन्हात उभा असतो. आधी त्या गाळ्यांचा हिशेब मांडावा, मग बिनव्याजी कर्जाच्या योजना छापाव्यात.

गरज किती मोठी आहे हे सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने आकड्यांत सांगितले. देशातील काम करणाऱ्या मुस्लिमांपैकी सुमारे ६१ टक्के लोक तेव्हा स्वयंरोजगारात होते. नोकरदाराला पगाराचा आधार असतो. हातावर पोट असलेल्या कारागिराला भांडवलाचा. आणि बँकेचे दार त्याच्यासाठी अरुंद असते. त्यामुळे अशा संस्था नवीन नाहीत. देवबंदचा मुस्लिम फंड १९६१ चा. तेथे दागिने तारण ठेवून बिनव्याजी कर्ज देण्याची पद्धत रुजली. ती पैशाच्या दृष्टीने सुरक्षित आहे, परंतु जिच्या गळ्यात काळी पोत सोडून काही नाही ती बाई त्या रांगेत उभी राहू शकत नाही. लाहोरात २००१ साली डॉ. अमजद साकिब यांनी सुरू केलेल्या ‘अखुव्वत’ने दुसरी वाट धरली. पहिले कर्ज दहा हजार रुपयांचे, एका विधवेला दिलेले. पुढे सोन्याऐवजी माणसांच्या जामिनावर, मशिदीत बसून कर्जे वाटली जाऊ लागली. २०२१ मध्ये साकिब यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मशिदीत बसून घेतलेले कर्ज परत करताना माणूस दोनदा विचार करतो, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे. आम्ही हीच दुसरी वाट धरली आहे. तीत बुडीत खाते अधिक होण्याची शक्यता आहे हे जाणूनच धरली आहे, आणि म्हणूनच माफीचा प्रश्न आम्हाला टाळता येत नाही.

त्या तरुणाचे काय करावे, असे मी गुरुजींना दोन दिवसांनी विचारले. राग ओसरला होता. ते म्हणाले की वाट आधीच घालून दिलेली आहे. सूरह अत्-तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत कर्जाखाली दबलेला माणूस आहे. संस्थेकडे जकातीचे खाते वेगळे आहे. त्यातून रक्कम त्याच्या मालकीची करून द्यावी आणि त्याने त्यातून कर्ज फेडावे. भाजीवाल्या बाईचा पैसाही फिरता राहील आणि तोही मोकळा होईल.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण हा घोटाळा पुष्कळ गावी होतो. जकातीचा पैसा कर्जाऊ देऊन फिरवत ठेवावा असे कित्येक उत्साही कार्यकर्ते सुचवितात. हनफी मतानुसार जकात गरजवंताच्या मालकीची झाली पाहिजे. कर्ज दिल्याने ती अदा होत नाही. म्हणून दोन खाती हवीत, एक देऊन टाकण्याचे आणि एक फिरते ठेवण्याचे. देऊन टाकायचे तर किती, हाही प्रश्न आहे. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई आहेत. त्या परंपरेतील थोर विद्वान इमाम नववी (मृत्यू १२७७) यांनी आपल्या ‘अल्-मजमूअ’ या ग्रंथात फार व्यवहारी विवेचन केले आहे. कारागिराला जकातीतून त्याच्या हत्यारांइतके द्यावे, मग ती स्वस्त असोत वा महाग. भाजी विकणाऱ्याला पाच-दहा दिरहम पुरतील, जवाहिऱ्याला दहा हजार लागतील. घाटावरील हनफी विद्वान एकाच गरजवंताला निसाबाइतकी रक्कम देणे सहसा पसंत करीत नाहीत. मतभेद आदराने राखावेत. परंतु रमजानमध्ये श्रीमंताच्या दाराशी बुरख्यांची रांग लावून प्रत्येकीच्या हातावर शंभराची नोट ठेवण्याची जी रीत पडली आहे, ती या दोन्हींपैकी कोणत्या मताला धरून आहे हे मला अजून कोणी सांगितलेले नाही. द्याल तेव्हा गरज भागेल असे द्या, या आशयाचे हजरत उमर (रजि.) यांचे वचन प्रसिद्ध आहे.

तर मी त्या तरुणाकडे गेलो. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये मशीन कापडाखाली झाकून ठेवले होते. विकले नव्हते, हे पाहून बरे वाटले. मी जकातीची गोष्ट काढली. त्याचा चेहरा उतरला. "चाचा," तो म्हणाला, "माझ्या अब्बांनी हमाली केली पण जकात घेतली नाही. कधीतरी आपणही जकात देऊ, म्हणून मी हे मशीन घेतले होते."

तो पात्र होता. घेण्यात कमीपणा नव्हता. अल्लाहने ठेवलेला हक्क घेण्यात लाज कसली, असे मी त्याला समजावीत राहिलो. माझे प्रत्येक वाक्य बरोबर होते आणि एकही त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हते.

मग मी मला शहाणपणाची वाटलेली एक गोष्ट केली. ईदनंतर माझ्या बचतीतून २८,८०० रुपये त्याच्या खात्यावर भरले आणि कोणाला सांगितले नाही. माझी दया माझ्या खिशातून, संस्थेचा न्याय संस्थेच्या वहीत. दोन्ही फिटले, असे मला वाटले. पण लहान गावात पावती लपत नाही. दोन महिन्यांनी तो कार्यालयात आला तो तणतणतच. "संस्थेचे कर्ज होते तोवर मी सगळ्यांसारखा कर्जदार होतो," तो म्हणाला. "आता मी तुमचा मिंधा झालो. तुमच्या घराचे दार मोडले तर मजुरी कशी मागू?"

उपकार बोलून दाखवून दान वाया घालवू नका, अशी कुरआनची ताकीद आहे. मी बोलून दाखविले नव्हते. पण न बोलताही उपकाराचे ओझे होते, आणि ते किती होते हे देणाऱ्याला कळत नाही, घेणाऱ्याला कळते. संस्था असण्याचा एक फायदा माझ्या तेव्हा ध्यानात आला. पैसा संस्थेतून जातो तेव्हा त्याला कोणाचा चेहरा राहत नाही. कर्जदार कोणा एकापुढे नव्हे, एका नियमापुढे उभा असतो, आणि नियमापुढे उभे राहण्यात मान खाली जात नाही. मी आधी परक्याच्या पैशाला माझा चेहरा चिकटविला आणि मग माझ्याच पैशाला. दोन्ही वेळा मध्ये मी होतो.

नेतृत्वाचा मोह पैसे खाण्याचा असतो असे आपण धरून चालतो. त्यावर पहारे आहेत. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांना १९५० च्या कायद्याने धर्मादाय आयुक्तांकडे नोंद करावी लागते, हिशेब तपासून घ्यावे लागतात. ज्याची तपासणी कोणताही लेखापरीक्षक करू शकत नाही असा मोह म्हणजे चांगले म्हणवून घेण्याचा. बनू सुलैम कबिल्याकडे जकात गोळा करण्यासाठी पाठविलेले इब्ने लुतबिय्या परत आले आणि हे तुमचे, हे मला भेट मिळालेले, अशी वाटणी सांगू लागले, तेव्हा प्रेषितांनी (स.) मिंबरवरून जाहीरपणे विचारले, की हा माणूस आई-बापाच्या घरी बसून राहिला असता तर त्याला या भेटी मिळाल्या असत्या का? कर्जदाराने ईदला पाठविलेला मिठाईचा पुडा मी या हदीसला स्मरून परत करीत आलो. पण लोकांकडून मिळणारी वाहवा, लग्नात पहिल्या रांगेतील खुर्ची, ‘तुमच्यासारखा माणूस नाही’ हे शब्द, या भेटी मी घरी नेल्याच की. घरी बसून राहिलो असतो तर त्याही मिळाल्या नसत्या.

नातलगांच्या बाबतीत एक सोपा नियम आम्ही केला होता, की समितीच्या सभासदांच्या नात्यात कर्ज द्यायचे नाही. माझ्या भाच्याचा अर्ज त्यामुळे बाजूला पडला. बहीण आठ महिने बोलली नाही. हा नियम न्यायाचा आहे की केवळ आमची अब्रू सांभाळण्याचा, याबद्दल मला आता शंका वाटते. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त हजरत उमर (रजि.) यांच्या दोन मुलांची हकिकत आहे. इराकच्या मोहिमेवरून परतताना बसऱ्याचे अधिकारी हजरत अबू मूसा (रजि.) यांनी बैतुलमालची रक्कम त्यांना कर्जाऊ दिली, त्यांनी माल घेऊन मदीनेत विकावा, मुद्दल खलीफांकडे जमा करावे आणि नफा ठेवून घ्यावा. खलीफांनी मुलांना पहिला प्रश्न विचारला तो असा, की तुम्हाला दिले तसे साऱ्या सैन्याला दिले होते काय? उत्तर नकारार्थी आले. मुद्दल आणि नफा दोन्ही जमा करण्याचा हुकूम झाला. मोठा मुलगा गप्प राहिला, धाकट्याने वाद घातला की तोटा झाला असता तर आम्हीच भरला असता. अखेर बैठकीतील एकाच्या सूचनेवरून तो व्यवहार भागीदारीचा मानून अर्धा नफा बैतुलमालमध्ये घेण्यात आला. खलीफांची कसोटी ‘तू माझा मुलगा आहेस का’ ही नव्हती. ‘इतरांना हेच मिळाले असते का’ ही होती. माझ्या भाच्याजागी गुलाम रसूल गल्लीतील कोणताही पोरगा असता तर त्याला कर्ज मिळाले असते. मग नात्यामुळे जसे देणे चूक, तसे नात्यामुळेच नाकारणेही चूक नाही काय? मी बैठकीतून उठून गेलो असतो आणि उरलेल्या चौघांनी निर्णय केला असता, तर पुरेसे होते. हा नियम आम्ही आता असा बदलतो आहोत. बहिणीला अजून सांगितलेले नाही.

आमच्या फिरत्या खात्यात बस स्थानकाजवळचा चांभार आहे, मडकी करणारे एक कुटुंब आहे. जकातीच्या खात्याचे नियम वेगळे. पण सदक्याच्या पैशाला शेजाऱ्याचा धर्म विचारण्याचे कारण नाही, आणि ज्या बाजारात त्यांचे दुकान बंद पडते त्यात आपलेही चालत नाही. या मुद्द्यावर समितीत कधी मतभेद झाला नाही, म्हणून अधिक लिहीत नाही.

हजरत अबू जर (रजि.) यांच्यासारख्या निःस्पृह सहाबींनी जबाबदारीचे पद मागितले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना ते दिले नाही, ही अमानत आहे आणि तुम्ही या कामी दुर्बल आहात, असे प्रेमाने सांगितले. दुसरीकडे हजरत यूसुफ (अलै.) यांनी मिसरच्या कोठारांची व्यवस्था स्वतःहून मागितली आणि आपण राखणारे आहोत, जाणणारे आहोत असे कारण दिले. सज्जनपणा कोणात अधिक होता हा प्रश्नच नाही. कोठाराला जाणकार राखणदार लागतो. मी यावर्षी अध्यक्षपद सोडण्याचे मनात आणले आणि गुरुजींना तसे बोललोही. ते म्हणाले, "सोडाल तर लोक म्हणतील किती निःस्पृह माणूस! तेही घरी न्याल." मग मी आणखी एक वर्ष थांबायचे ठरविले, मात्र कर्ज मंजूर करण्याच्या बैठकीचे अध्यक्षस्थान दर महिन्याला एकेका सभासदाकडे जाते. कर्ज अडले तर दीड महिन्याच्या आत कोणीतरी घरी जायचे, हेही वहीत लिहून ठेवले आहे.

तो तरुण मागील सफर महिन्यापासून दर जुम्याला येतो. ५०० रुपये ठेवतो, माझ्याकडे न पाहता कारकुनाकडून पावती घेतो. महिन्याला दोन हजार होतात, म्हणजे मूळ हप्त्यापेक्षा जास्तच. एका शाळेच्या कुंपणाचे काम त्याला मिळाले आहे. या वेळी करार लिहून घेतला, तो आमच्या गुरुजींनी वाचून दिला. त्याची बाकी मी आधीच भरली असल्यामुळे खात्यावर आता पैसे दुहेरी जमा होत आहेत. माझे परत घ्यावेत काय, असे एका सभासदाने विचारले. हजरत उमर (रजि.) यांनी अल्लाहच्या मार्गात दिलेला घोडा पुढे बाजारात विक्रीला आलेला पाहून विकत घ्यावा म्हटले, तर प्रेषितांनी (स.) त्यांना तेही करू दिले नव्हते. तेव्हा तो प्रश्न तेथेच मिटला. जादा झालेली रक्कम फिरत्या खात्यात राहील. पिठाच्या गिरणीसाठी एका भगिनीचा अर्ज दोन महिने पडून आहे. जामीन म्हणून तिने भाजीवाल्या बाईचे नाव दिले आहे. पुढच्या जुम्याला नमाजनंतर बैठक आहे, आणि अध्यक्षस्थानी गुरुजी आहेत.